आवाज गेल्यानंतरचं कोचिंग

"कैंसर है," डॉक्टर म्हणाले. "लेकिन थायरॉइड का है. इलाज अच्छा है इसका."

पुढे ते बरंच काही बोलले. मी त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे पाहत होते. मनात एवढंच आलं की संध्याकाळी प्रॅक्टिस आहे आणि नेट एका बाजूने सैल झालंय. शेजारी माझा नवरा शेखर बसला होता. त्याने माझा हात धरला. धरलेला दिसला मला, जाणवला नाही.

मी व्हॉलीबॉलची कोच आहे. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, राइट टाउन भागातल्या एका शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवते. सुरुवात घसा बसण्यापासून झाली. कोचचा घसा बसतोच, म्हणून मी मध खाल्ला, मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध चघळला, कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या. काही आठवडे गेले तरी आवाज सुटेना. मग पाणी पिताना ठसका लागायला लागला, तेव्हा शेखरने बळेच दवाखान्यात नेलं.

तिथे लॅरिंगोस्कोपी झाली, म्हणजे नाकातून बारीक कॅमेरा घालून स्वरयंत्र बघतात. दुखत नाही, पण डोळ्यांना पाणी येतं. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. त्या व्होकल कॉर्ड, स्वरतंतू. उजवी हलत होती, डावी हलत नव्हती. सोनोग्राफीत थायरॉइडमध्ये गाठ दिसली. मग एफएनएसी झाली, म्हणजे गाठीतल्या थोड्या पेशी सुईने काढून तपासतात. रिपोर्टवर पॅपिलरी कार्सिनोमा लिहिलं होतं. हा थायरॉइडचा कॅन्सर सहसा सावकाश वाढतो आणि बहुतेकांचा बरा होतो. तुमच्यापैकी कुणाचा आवाज तीन-चार आठवडे बसलेला असेल, तर मुलेठीवर राहू नका. दाखवून या.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी समजावलं. मेंदूकडून स्वरतंतूकडे जाणारी एक नस असते, रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. ती थायरॉइडला अगदी चिकटून जाते. माझी गाठ बहुधा तिच्यात शिरली होती. तसं असेल तर नस कापावी लागणार होती.

"करती क्या हैं आप?" त्यांनी विचारलं.

"कोच आहे ती," शेखरने मराठीतच सांगितलं आणि मग हिंदीत पुन्हा सांगितलं.

सर्जननी संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी त्यावर सही करून दिली. मला भीती वाटत नव्हती. धीरही नव्हता. दुसऱ्या कुणाच्या फाइलवर सही करावी, तसं होतं ते.

नस कापावी लागली. शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं, तर तोंडातून नुसता वारा निघाला. कॅल्शियम कमी झालं म्हणून ओठांना आणि बोटांना मुंग्या येत होत्या. त्याची इंजेक्शनं दिली. पुढे रेडिओआयोडीन झालं. उरलेल्या थायरॉइडच्या पेशी मारण्यासाठी ते किरणोत्सारी औषध पाजतात, आणि मग काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागतं. जेवण दाराशी ठेवलं जायचं. मी ते खायचे. कसं होतं, ते आठवत नाही.

घरी आल्यावर मी खिडकीशी बसून असायचे. एकदा शेखर चहा घेऊन समोर येऊन बसला.

"एकदा रडून तरी घे ना. काहून अशी बसून राहिली?"

उत्तर द्यायला आवाज नव्हता. मी चहा प्यायले.

मैदानावर परत गेले तेही काही उमेदीने नाही. घरात बसणं आणि तिथे बसणं सारखंच होतं. मधल्या काळात नाझनीनने टीम सांभाळली होती. ती माझीच जुनी खेळाडू, आता नोकरी करते. आम्ही ठरवलं की मी तिला सांगायचं आणि तिने मोठ्याने मुलींना सांगायचं. ते जमलं नाही. मी म्हणायचे, ब्लॉकला हात थोडे पुढे घे. नाझनीनच्या तोंडून निघायचं, कितनी बार बोला, हाथ आगे! सूचना माझीच, पण मुलींचे चेहरे पडायचे.

स्पीच थेरपिस्टने मला शिकवलं होतं की जोर लावायचा नाही, कुजबुजायचंही नाही, एका श्वासात चार-पाच शब्दच बोलायचे. त्यामुळे मी एक वेगळी रीत धरली. प्रॅक्टिस संपली की एकेका मुलीला बाकावर बोलवायचं. लांब वाक्यं परवडत नव्हती, म्हणून एकच विचारायचे, "आज कैसा लगा?" आणि दम घेत थांबायचे. मी दम घ्यायला थांबलेय हे मुलींना कळत नसावं. दीदी वाट बघतायत असं त्यांना वाटायचं, आणि त्या बोलत सुटायच्या. सर्व्हिसला उभं राहायची भीती वाटते, हे एकीने सांगितलं. दुसरीला सेटर, म्हणजे अटॅकरला चेंडू उचलून देणारी, व्हायचंच नव्हतं.

शिवानी मात्र "अच्छा लगा" म्हणायची आणि उठायची. ती आमची सगळ्यात उंच अटॅकर, घर मझौली गावात, राहायची आमच्या शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात मावशीकडे. निवड चाचणी जवळ आली होती आणि तिचं नाव पक्कं धरलं जात होतं. एके दिवशी ती "अच्छा लगा" म्हणाली, पण उठली नाही. तिने ट्रॅकपँट वर केली. गुडघा सुजलेला होता.

"कब से?" मी विचारलं.

"दिवाली से." मग खाली बघून म्हणाली, "अब आप निकाल दोगी ना, दीदी?"

मी मान हलवून नाही म्हटलं. एमआरआयमध्ये निघालं की गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली आहे. छोटं ऑपरेशन लागणार होतं, आणि त्या वर्षीची निवड सोडावी लागणार होती. हे तिच्या वडिलांना सांगायला हवं होतं. फोनवर माझा आवाज ऐकूच जात नाही. शेखर म्हणाला, मी बोलतो फोनवर. पण मला ते दुसऱ्याच्या तोंडून जायला नको होतं. शेवटी तो मला गाडीने मझौलीला घेऊन गेला.

वडील शेतातून आले होते. खोलीत मोठा कूलर घरघरत होता. शिवानीची आई आणि काका दारात उभे होते. मी बोलायला सुरुवात केली. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की एक शब्दही पोचत नाहीये. मला दम लागला. शेखर माझ्या वतीने बोलायला पुढे झुकला, तेवढ्यात वडील उठले आणि त्यांनी कूलर बंद केला. मग आपली खुर्ची उचलून अगदी माझ्यासमोर आणून ठेवली.

"आराम से बोलिए, मैडम," ते म्हणाले. "हम सुन रहे हैं."

उन्हाळ्याची दुपार होती. खोली लगेच तापली. सगळे घामाने भिजले, पण कुणी कूलरकडे गेलं नाही. मी चार-चार शब्दांनी सगळं सांगितलं. ऑपरेशन, व्यायाम, वर्ष वाया गेल्यासारखं वाटेल पण जाणार नाही, आणि तिने दुखणं लपवलं म्हणून तिच्यावर रागावू नका, ती घाबरली होती. माझं बोलून झालं आणि एकदम माझे डोळे वाहायला लागले. ऑपरेशनआधी नाही, आयोडीनच्या खोलीत नाही, तर इथे, या परक्या माणसांसमोर. शिवानीच्या आईला वाटलं, मी तिच्या मुलीसाठी रडतेय. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला जाणवला.

शिवानीचं ऑपरेशन झालं. ती आता उड्या मारत नाही, पण पळते. पुढच्या वर्षी बघू. माझं शेवटचं स्कॅन स्वच्छ आलं. थायरॉइडची गोळी रोज सकाळी, जन्मभर. आवाज सुधारायला थायरोप्लास्टी होऊ शकते, म्हणजे हलत नसलेला तंतू आधार देऊन मध्ये सरकवतात. ती मी करून घेणार आहे. आवाज गेला ते बरंच झालं, असं मी कधीच म्हणणार नाही. कित्येक दिवस अजूनही तसेच सपाट जातात.

पण तुमच्यात कुणी कोच असेल आणि असंच काही वाट्याला आलं, तर इतकं सांगते. आवाज पोचत नसेल तर जवळ जा. समोरचं माणूस खुर्ची पुढे ओढून घेतं. त्या उकाड्यात बसून माझं ऐकणाऱ्या घराची मी ऋणी आहे. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही. फोनवर नको, पुन्हा मझौलीला जाऊन सांगेन.