आम्ही शुद्ध बोलायला लागलो

पुण्याला जायचं ठरलं तेव्हा आम्हा दोघांत जास्त खूश मी होते. यांना हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि तेवढ्यावर ते समाधानी होते. शहर कोणतंही चाललं असतं. मला मात्र पुणंच हवं होतं. अमरावतीच्या एका शाळेत मी कित्येक वर्षं मराठी शिकवलं. धड्यांतली माणसं बोलतात तशी खरोखरची माणसं जिथे बोलतात, तिथे आपण राहायला जाणार, याचं मला केवढं अप्रूप होतं! हे म्हणत होते, हिंजवडीच्या जवळपास खोली पाहू, जाण्यायेण्याचा त्रास वाचेल. मी ऐकलं नाही. शेवटी नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या आणि हे रोज सकाळी पूल ओलांडून कंपनीची बस पकडायला जाऊ लागले.

घरमालक पहिल्या मजल्यावर राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले काका आणि काकू. माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. मला ताप आला तेव्हा काकूंनी न सांगता मऊ भात आणि मेतकूट वर आणून दिलं होतं. पण आमच्या बोलण्याची दोघांना फार गंमत वाटायची. पहिल्याच आठवड्यात हे बादली घेऊन जिन्यात दिसले तेव्हा काकांनी विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही काका, पाणी भरून राहिलो."

"भरताय की राहताय? एक काय ते ठरवा."

हे हसले, मीही हसले. विनोद चांगलाच होता. पुढे तो आम्ही इतक्यांदा ऐकला की काकांनी जिन्यात "काय चाललंय?" म्हटलं की हे नुसती मान हलवायचे.

त्याच सुमारास मी कोपऱ्यावरच्या दुकानात सांभार मागितला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. दुकानदाराने सांबार मसाल्याचं पाकीट पुढे केलं. घरी आल्यावर मी आपणहून ही फजिती काकूंना सांगितली. ती माझी पहिली चूक. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले आणि खालून हाक आली, "अहो, जरा या हो खाली! ते कोथिंबिरीचं यांना सांगा ना!" मी गेले, सांगितलं, पाहुणे हसले. पुन्हा एकदा गेले. त्यानंतर बोलावलं तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणाले. काकू म्हणाल्या, "असू दे, असू दे. विदर्भातली माणसं दिलखुलास असतात असं ऐकलं होतं, म्हणून बोलावलं."

नोकरीसाठी मी बऱ्याच शाळांमध्ये अर्ज केले होते. शहरातल्याच एका शाळेतून बोलावणं आलं. मुलाखतीआधी एक पाठ घेऊन दाखवायचा होता. सातवीच्या वर्गात मी एक कविता शिकवली. तास कधी संपला कळलं नाही. मुलं बाकांवरून उठून उत्तरं देत होती, मागच्या बाकावरच्या एका मुलीने तर कवितेचा मला कधी न सुचलेला अर्थ सांगितला. मागे बसलेल्या मुख्याध्यापिका बाई काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मला खोलीत बोलावलं, चहा मागवला.

"पाठ उत्तम झाला," त्या म्हणाल्या. "इतका रंगलेला वर्ग मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. पण एक सांगू का? राग मानू नका."

"नाही, सांगा ना."

"तुम्ही वर्गात दोनदा 'कवी काय म्हणून राहिला' असं म्हणालात. आणि तुमचा 'ण' जरा नाजूक आहे. मला स्वतःला काही वाटत नाही, पण आमचे पालक फार चोखंदळ आहेत. मराठीच्या बाईच अशा बोलल्या तर ते आम्हाला जाब विचारतील."

मी म्हणाले, "मॅडम, मी मराठीतच एम. ए. केलंय. लिहिण्यात माझी चूक सापडणार नाही."

"त्याबद्दल शंकाच नाही. पण बी. एड.ला तुमचा दुसरा विषय हिंदी होता ना? पाचवी ते सातवीला हिंदी घ्याल? तुमच्याकडच्या लोकांचं हिंदी छान असतं."

घर चालवायचं होतं. मी हो म्हणाले. आजही त्याच शाळेत हिंदी शिकवते. शेजारच्या वर्गात मराठीचा तास चालू असतो आणि भिंतीतून कविता ऐकू येते. शिकवणाऱ्या बाईंचे उच्चार अगदी स्वच्छ आहेत. कवितेशी त्यांना काही देणंघेणं नाही, हेही तितकंच स्वच्छ ऐकू येतं.

मुलाखतीच्या दिवशी घरी येऊन यांना सांगितलं तेव्हा हे चिडले. "नाही म्हणाचं होतं तोंडावर! तू काहून हो म्हटलं?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या ऑफिसात बरं आहे बापा. तिथं कोणी मराठी बोलतच नाही."

मी मात्र मनावर घेतलं. बसमध्ये, दुकानात, काकूंच्या ओट्याशी कान लावून बायका कशा बोलतात ते टिपत राहिले. आम्ही म्हणतो, "तू जेवण केलं का?" इथे म्हणतात, "जेवलास का?" तो शेवटचा 'स' माझ्या तोंडात बसायला वर्ष गेलं. एकदा बसला तो बसलाच. शाळेत कोणी आता मला कुठल्या म्हणून विचारत नाही. हे मात्र होते तसेच बोलत राहिले. मी कधी दुरुस्त करायला गेले तर म्हणायचे, "मले समजते ना, तुले समजते ना? मग झालं."

मुलगी झाली, दोन खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. मग कर्ज काढून शहराबाहेर मांजरी गावात फ्लॅट घेतला. आमच्या गॅलरीतून तेव्हा एका बाजूला ऊस दिसायचा आणि दुसरीकडे नव्या इमारतींचे सांगाडे. गावातली माणसं 'हाय', 'न्हाय' म्हणायची आणि यांच्याशी त्यांचं लगेच जमायचं. पण सोसायटीत गावातलं कोणी नव्हतं. तिथे बरीचशी कुटुंबं शहरातून मोठ्या घरासाठी आलेली, आणि गणपतीचे कार्यक्रम त्यांच्या हातात.

मुलगी चौथीत असताना गणपतीत मुलांचं नाटुकलं बसवायचं ठरलं. आमच्याच मजल्यावरच्या एक बाई ते लिहिणार आणि बसवणार होत्या. मुलगी रोज संध्याकाळी तालमीला पळायची. काय करतेस, म्हणून विचारलं तर म्हणायची, "सरप्राइज आहे. सांगायचं नाही असं शेजारच्या काकूंनी सांगितलंय." नाटुकल्याच्या दिवशी हे ऑफिसातून लवकर आले, अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला घेऊन पुढच्या रांगेत जाऊन बसले.

नाटुकलं एका पुणेरी कुटुंबाचं होतं. त्यांच्याकडे गावाकडून एक वेंधळा गडी कामाला येतो. तो गडी म्हणजे आमची मुलगी. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर दुपट्टा, काजळाने काढलेल्या मिशा. ती आली आणि तिने पहिलंच वाक्य म्हटलं, "बाईसाहेब, मी पानी आणून राहिलो ना बापा!"

सगळा मांडव हसला. मग ती थांबलीच नाही. गडी काही विसरला की कपाळावर हात मारायचा आणि मान डावीकडे टाकून म्हणायचा, "अरे बापा, मी तं भुलूनच गेलो!" तो हात, ती मान, तो सूर हे सगळं माझ्या घरातलं होतं. किल्ल्या विसरून हे दारातून परत येतात तेव्हा अगदी असेच दिसतात. पलीकडे बसलेल्या गृहस्थांनी यांच्या पाठीवर थाप मारली. "अहो, हुबेहूब तुम्ही! काय निरीक्षण आहे पोरीचं!"

मी यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायचा धीर झाला नाही. टाळ्यांचा आवाज मात्र शेजारून येत होता, म्हणजे हेही वाजवत होते.

तिला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. मिशा न पुसताच ती धावत आली. "बाबा, जमलं ना? काकू म्हणाल्या, तुझे बाबा बोलतात तस्सं बोल!"

हे तिच्यासमोर खाली बसले. तिच्या मिशा रुमालाने पुसल्या आणि म्हणाले, "फार छान केलंस."

केलंस. इतक्या वर्षांत तो 'स' मी यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मुलीच्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंच्या दारात गेले. भांडायचं नाही असं ठरवून गेले होते. म्हणाले, "तुम्ही आधी एकदा मला विचारायला हवं होतं."

"काय विचारायचं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. "अहो, कौतुकच केलं की! आम्हाला तुमच्या मिस्टरांचं बोलणं फार गोड वाटतं."

"गोड वाटतं, मग गड्याच्या तोंडी का घातलं? साहेबाच्या तोंडी घालायचं."

त्या हसल्या. "साहेब असा बोलला तर नाटकात कोणाला खरं वाटेल?"

यांना मी हे सांगितलं नाही. त्या दिवसापासून यांनी घरातलं बोलणं कमी केलं आणि जे बोलायचे ते जुळवून. "मी निघतोय." "तू अभ्यास केलास का?" प्रत्येक शब्द फळ्यावरून वाचल्यासारखा. एकदा मुलगी झोपल्यावर मी आमच्याच बोलीत विचारलं, "तुम्ही काहून असं करून राहिले? घरात तरी बोला ना नीट."

"नीटच बोलतोय," हे म्हणाले. "ती शाळेत जाते. उद्या तिलाही कोणी हिंदी शिकवायला बसवेल."

त्यांनी ते मला टोचायला म्हटलेलं नव्हतं.

दिवाळीला आम्ही अमरावतीला गेलो. दिरांच्या घरी सगळे जमले होते. यांचा लहानपणचा एक मित्र भेटायला आला तेव्हा हे उठून मिठी मारत म्हणाले, "अरे, कधी आलास?" मोठा हशा झाला. "आलास! पुणेकर झाला बे तू!" दीर म्हणाले. जाऊ आतून विचारू लागली, "भाऊजी, तुमाले चहा चालते का आता, की अमृततुल्यच पायजे?" सगळं मायेनेच चाललं होतं. हेही हसले. पण परतीच्या गाडीत, अकोला मागे पडल्यावर म्हणाले, "तिथं बी हसले."

मी म्हणाले, "परत जाऊ का आपण? तुम्ही घरून काम करू शकता आता. मलाही तिकडे शाळा मिळेल."

"कोनाकडे?" ते म्हणाले. "आणि तिचं काय? तिले तिकडं हसतीन." मुलगी समोरच्या बर्थवर कानात गाणी घालून बसली होती. पुण्यात जन्मलेली, पुण्यातलं बोलणारी. आमच्या तिघांत शहराने स्वीकारलेलं असं कोणी असेल तर ती. तिचा मला राग येत नाही. पुण्याला आपलं म्हणताना तिला कसरत करावी लागली नाही, याचा मात्र कधीकधी हेवा वाटतो, आणि आपल्याच मुलीचा हेवा वाटणं ही काही चांगली गोष्ट नाही.

ती आता आठवीत आहे. मध्ये तिच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. ती म्हणाली, "बाबा, ते पूर्वी बोलायचास तसं बोलून दाखव ना यांना. इतकं क्यूट आहे ते!" हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "मला आता येत नाही ते."

हे खरं नव्हतं. गेलं वर्षभर हे ऑफिसातून आले की लगेच वर येत नाहीत. गाडी पार्किंगमध्ये लावतात आणि काचा बंद करून आतच बसून राहतात. आधी मला वाटलं ऑफिसचं काही असेल. एकदा भाजी घेऊन येताना मी गाडीशेजारून गेले तेव्हा काचेआडून आवाज आला. दिरांशी बोलत होते. हात हवेत चालले होते, चेहरा लाल झाला होता, मोठमोठ्याने हसत होते. असे हसताना मी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. मी पिशवी घेऊन खांबामागे उभी राहिले.

गेल्या आठवड्यात मात्र मी सरळ पलीकडचं दार उघडून आत जाऊन बसले. हे दचकले. फोन ठेवू लागले. मी म्हणाले, "ठेवू नका. भाऊजींना विचारा, यंदा संत्र्याले बहार कसा हाय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन स्पीकरवर टाकला. आम्ही तिघं बोलत बसलो. कोणाच्या लग्नात काय झालं, कोणाची म्हैस कुठे गेली, असलंच सगळं. मी इतक्या भराभर बोलत होते की मलाच नवल वाटलं. दिरांनी फोन ठेवला तरी आम्ही दोघं उतरलो नाही. हे सांगत होते, "तुले आठवते का, तुझ्या बाबाच्या घरी मी पहिल्यांदा आलो तं तू कशी लपून पाहून राहिली होती..."

माझा फोन वाजला. मुलगी होती. "आई, कुठे आहेस? बाबा पण आला नाही अजून. मला भूक लागलीये."

"पार्किंगमध्येच आहोत," मी म्हणाले. "येतोय आम्ही. तू कुकर लावलास का?"

यांनी गाडीची किल्ली काढली आणि माझ्याआधी उतरले.