भिंतीपलीकडच्या विहिरीला पाणी चढलं

आमच्या पाणी खात्याच्या ऑफिसात दोन पंथ होते, नदीवाले आणि विहीरवाले. पावसाळ्यात सगळा भाव नदीवाल्यांना. वर हरियाणात बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की त्यांच्या खोलीतले फोन खणखणायला लागत, वार्ताहर दारात ताटकळत, आणि एरवी कॅन्टीनमध्ये समोशावरून हुज्जत घालणारी माणसं एकदम मंत्र्यासारखी बोलायला लागत. मी विहीरवाली. जमिनीखालचं पाणी कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याची विचारपूसही कुणी करत नाही. पाऊस थांबला की आम्ही जीप घेऊन निघायचो आणि गावोगावच्या ठरलेल्या विहिरींची पातळी मोजायचो.

मोजायची रीत अगदी साधी. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा आणि वर ओढायचा. पाण्यात बुडालेला खडू काळपट दिसतो. तिथवर पाणी. आई म्हणायची, एवढं शिकून शेवटी खडूच हातात आला!

माझ्या विहिरींची आस्थेने चौकशी करणारा एकच माणूस होता, ते म्हणजे बाबा. त्यालाही कारण होतं. दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयातून निवृत्त झाल्यावर त्यांना सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि त्यांनी गुडगावात नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. मोहरीची शेतं नुकतीच संपली होती आणि काचेच्या इमारती अजून पुऱ्या उभ्या राहिल्या नव्हत्या, असा तो काळ. दिल्ली सोडून तिकडे जाणं म्हणजे प्रगती, असं सगळ्यांनाच वाटत होतं. फ्लॅटला मार्बल होतं, लिफ्ट होती, इंटरकॉम होता. सरकारी पाण्याची लाइन मात्र नव्हती. ‘बस, आ ही रही है,’ असं बिल्डर सांगायचा आणि तोवर अख्खी सोसायटी एका बोअरवेलवर जगत होती. पिण्यालाही तेच पाणी.

त्या बोअरवेलजवळच, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, गावाची जुनी विहीर होती. वापरात नसलेली, तोंडावर लोखंडी जाळी टाकलेली. ती आमच्या ऑफिसच्या यादीत होती. दर मोजणीला तिचं पाणी हात-दोन हात खाली गेलेलं असे. विहीर अशीच उतरत राहिली तर बोअरवेलही एक दिवस नुसती हवा ओढणार, आणि मग ते मार्बल काय चाटायचं, हे मी घरी स्पष्ट सांगितलं होतं. विकून दुसरीकडे जायची बाबांची आता उमेद नव्हती. मी नोएडाला राहायचे; प्रत्येक मोजणीनंतर तिथून घरी फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न, “काय म्हणते आपली विहीर?”

त्या वर्षी पाऊस बेफाम पडला. यमुना लोखंडी पुलाला टेकायला आली. नदीवाल्यांना माणसं कमी पडली म्हणून मलाही त्यांच्या दिमतीला दिलं, आणि कितीतरी रविवार मी गुडगावला जाऊ शकले नाही. माझ्या विहिरी सहकाऱ्याने मोजल्या. त्याने आणलेले आकडे मी उभ्या उभ्याच चाळले आणि एका ओळीवर थांबले. भिंतीपलीकडची विहीर दोन पुरुष, म्हणजे चांगली दहा-बारा फूट, वर आली होती! मी तिथूनच घरी फोन लावला. आनंदाने माझा आवाज चिरकला होता.

“अच्छा?” बाबा म्हणाले. “बिल्कुल बरोबर. रविवारी ये, मग सांगतो.” ते गालातल्या गालात हसत होते, हे फोनवरही कळत होतं.

आमच्या साहेबांना मात्र हा आकडा पचला नाही. “मॅडम, एक बार फिर नाप लीजिए,” ते म्हणाले. “आसपास के सब कुएँ तो नीचे ही हैं.” मला भयंकर राग आला. आयुष्यात पहिल्यांदा एक विहीर वर आली तर तिच्यावरही संशय! पण राग ओसरल्यावर मलाही तो प्रश्न टोचायला लागला. एकच पाऊस, एकच जमीन, मग हिलाच कुठलं गुप्तधन सापडलं?

रविवारी खडू-टेप घेऊन मी गुडगावला गेले. पाऊस थांबून आठवडा झाला होता. आई पलंगावर पडली होती. तिचं पोट बरेच दिवस बिघडलेलं, मऊ भातावर होती. “सगळ्या ब्लॉकमध्ये हेच चाललंय,” ती म्हणाली. “पावसाळी हवा.” बाबा तयार होऊनच बसले होते, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. वर्षभरापूर्वी सोसायटीने त्यांना एकमताने सेक्रेटरी केलं होतं, मराठी माणूस कागदपत्रांना चोख असतो म्हणून. ते पद बाबा केंद्र सरकारच्या वरच्या पायरीचं समजत.

विहिरीशी गेल्यावर मी जाळीतून टेप सोडला आणि वर ओढला. पाणी खरंच वर होतं. पण टेपवर काळपट ओलाव्याऐवजी एक तेलकट, करडा थर होता. आणि वास! इतकी वर्षं विहिरी मोजल्या, मेलेलं कुत्रं पडलेल्या विहिरीसुद्धा मोजल्या, पण असा वास मला विहिरीला कधी आला नव्हता. मी टेप हातातून टाकलाच.

“पावसाचं पाणी आहे, थोडा वास येणारच,” बाबा म्हणाले आणि त्यांनी अभिमानाने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीला भोक पाडून एक जाडजूड पाइप विहिरीत सोडला होता. “हेच तुला दाखवायचं होतं. तळघरातलं पार्किंग तुंबलं होतं. कमिटीतले म्हणाले, पंप लावून रस्त्यावर सोडा. मी म्हटलं, नाही! पावसाच्या लाइनचं तोंड विहिरीकडे वळवा. तूच तर जेवताना सांगतेस, पाणी जमिनीत जिरवलं पाहिजे. जिरवलं! चढली की नाही विहीर?”

पाइपातून पाणी गळत होतं. आठवडाभर आकाश कोरडं होतं आणि पाइप गळत होता.

“बाबा, हे पावसाचं नाही.”

“पावसाचंच. मी स्वतः नकाशा बघितलाय. पावसाची लाइन वेगळी, मोऱ्यांची वेगळी. बिल्डरची सही आहे त्यावर.”

सही आहे म्हणजे खरं आहे, यावर त्या माणसाने सबंध नोकरी केली होती. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी वर गेले, आईला म्हटलं, “कपड्यांच्या निळीची बाटली कुठंय?” आणि तिला सांगितलं, मी खालून हात केला की अख्खी बाटली संडासात ओत आणि फ्लश ओढ. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू पुराच्या कामाने माझ्या डोक्यावर परिणाम झाला होता. पण उठली.

मी खाली येऊन हात केला. बाल्कनीतून आई आत गेली. आम्ही दोघं विहिरीच्या काठाशी उभे राहिलो. मला आतून वाटत होतं की निळं पाणी येऊ नये. हरावं मी, साहेबही हरावेत, बाबांचा नकाशाच खरा निघावा. पाइपाची धार जराशी मोठी झाली. आधी करडी. मग निळी. चांगली गडद निळी, पांढऱ्या शर्टांना देतो तशी. तिच्याबरोबर आणखी जे काय आलं ते लिहायची माझी इच्छा नाही.

बिल्डरने पैसे वाचवायला सगळ्या मजल्यांची घाण पावसाच्या लाइनलाच जोडली होती. आधी ती कुठेतरी मागच्या माळावर जात असणार. बाबांनी तिला विहीर दाखवली.

बाबांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीच्या अलीकडे विहीर, पलीकडे बोअरवेलची खोली. मोटार चालू होती, तिचा घरघराट ऐकू येत होता. विहीर दोन पुरुष चढली म्हणून मी ऑफिसात नाचले होते, आणि आई ते पाणी पिऊन पलंगावर पडली होती.

“आपण काय पितोय गं?” बाबांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. ते वळले आणि त्या वयात, त्या बुटांनिशी, चक्क धावत सुटले. मी पोचेपर्यंत त्यांनी मोटार बंद केली होती.

पण गच्चीवरच्या टाक्या भरलेल्या होत्या. घराघरांतले माठ, फिल्टर, फ्रिजमधल्या बाटल्या भरलेल्या होत्या. इंटरकॉमवरून सांगू, मी म्हटलं. बाबा नको म्हणाले. “दारात जाऊन सांगायला हवं. सेक्रेटरी आहे मी.”

पहिलं दार तळमजल्यावरच्या एका पंजाबी बाईंचं. बाबांना बघून त्यांचा चेहरा फुलला. “आइए, आइए भाईसाहब! बैठिए तो सही. आपकी वजह से पानी का प्रेशर कितना अच्छा हो गया!” बाबा सोफ्याच्या कडेवर टेकले. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना हिंदी येत नव्हतं असं नाही, उभा जन्म दिल्लीत गेला होता. तेवढ्यात बाई आत जाऊन ट्रे घेऊन आल्या. दिल्लीत पाहुणा टेकला की आधी पाणी, बोलणं मग. ट्रेमध्ये दोन काचेचे ग्लास, गार पाण्याने बाहेरून दमटलेले.

मी माझ्या ग्लासला हात लावला नाही. बाबांनी उचलला. मला वाटलं, बाजूला ठेवतील. पण धावून त्यांच्या घशाला कोरड पडली होती आणि सवय जबरदस्त असते. त्यांनी एक घोट घेतला. मग त्यांना कळलं. पाणी तोंडात तसंच धरून ते माझ्याकडे बघत राहिले. परक्या बाईच्या दिवाणखान्यात, नव्या गालिच्यावर, ते थुंकणार कुठे?

त्यांनी ते गिळलं. ग्लास ट्रेमध्ये परत ठेवला.

“भाभीजी, ये पानी अब किसी को मत दीजिए,” ते म्हणाले. “इसमें हम सबका संडास मिला हुआ है. मैंने मिलाया है.”

बाई हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली असावी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या न उचललेल्या, भरल्या ग्लासकडे.