हळदीकुंकवाला वाटलेली कादंबरी

कसं सांगू तुम्हाला! ‘आजूबाजूची माणसं तुमच्या लिखाणात किती येतात हो?’ असं कुणी विचारलं ना, की मला आजही दरदरून घाम फुटतो. का, ते ऐका. हसायचं तर हसा.

मी घाटकोपरला कदमकाकूंकडे पेइंग गेस्ट. काकू मूळच्या मालवणच्या, जिभेने तिखट, हाताला चव. एवढ्या मुंबईत मला परवडणारी आणि झोप लागणारी अशी ही एकच खोली. तिथेच बसून मी पहिली कादंबरी लिहिली. आता त्या खोलीतून दिसणार काय? काकूच! मग कादंबरीत कोण आलं? घरमालकीण इंदूबाई. दाराला कान लावणारी, फ्रीजवर पाळत ठेवणारी. शिवाय कथेला जोर हवा, म्हणून तिला मी सून छळायला लावली.

मला वाटलं, काकू वाचतात त्या कॅलेंडरमागच्या पाककृती. कादंबरीला कशाला हात लावतायत?

संक्रांतीच्या तोंडावर काकूंनी जाहीर केलं, “यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून तुझंच पुस्तक वाटणार. अख्ख्या बिल्डिंगला!”

माझा चहा कपात कमी नि बशीत जास्त.

“काकू, पुस्तक कशाला? डबे द्या ना! नाहीतर गाळणी! गाळणी किती उपयोगी!”

“गप गो! गाळणी सगळ्यांकडे आसत. लेखिका कोणाकडे आसा?”

झालं! हळदीकुंकू, तिळगूळ आणि वर इंदूबाई. एकेकीच्या हातात मी स्वतःच बॉम्ब ठेवत होते!

पुढचे दिवस मी चोरासारखी वावरले. जिन्यात कुणी हसलं तरी वाटायचं, वाचलं! नाही हसलं तरी वाटायचं, वाचलं!

आणि एका रविवारी काकूंची हाक आली. चष्मा नाकावर, पुस्तक मांडीवर. शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू.

“बस. वाचून झालं. ती इंदूबाई कोण, ते ओळखलं हां मी!”

वाट लागली! मी खाली फरशीवरच बसले.

“काकू, सॉरी! फक्त दाराला कान लावणं तुमचं! आणि फ्रीज! सुनेचा छळ माझ्या मनाचा, शप्पथ! मला खोलीतून काढू नका, प्लीज!”

काकूंनी मांडीवरचं पुस्तक फटकन मिटलं.

“माझं? अगो, माका वाटलं ती पलीकडच्या विंगमधली राणेबाई!”

“मलाही तेच वाटलं,” सावंतकाकू म्हणाल्या. “पण दाराला कान तर तू लावतेसच की गं.”

“तू गप!” काकूंनी चष्मा काढला. “म्हणजे... मी रेवा नाय?”

आता गोंधळायची पाळी माझी. रेवा म्हणजे माझी नायिका! कॉलेजातली पोरगी, जीन्स घालणारी, सोसायटीच्या भर मीटिंगमध्ये सेक्रेटरीची बोलती बंद करणारी!

“तू कसली रेवा?” सावंतकाकू उसळल्या. “पाण्यावरून सेक्रेटरीला झापलं कोणी? मी!”

“पाण्यावरून मी झापलं! तू पार्किंगवरून!”

दोघी एकदम माझ्याकडे वळल्या. “सांग गो, रेवा कोण?”

काय सांगणार? मी चाचरत म्हटलं, “रेवा... म्हणजे... मीच ना.”

मग दोघी ज्या हसत सुटल्या! सावंतकाकूंना तर ठसका लागला.

“तू? रेवा?” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “अगो बाय, तू त्यातली मांजर! कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली पळते ती! सगळ्या बायका म्हणतात, पोरीने स्वतःला काय हुबेहूब लिहिलंय!”

मांजर? अहो, ती मी पानं भरायला घातली होती!

“मग काकू... माझी खोली?”

“इंदूबाईचं काय ते मी नंतर बघते. पण मांजराला कोणी घराबाहेर काढतं काय? ऊठ, कोळंबी झाली.”

एवढ्या अपमानावर रेवाने काय केलं असतं? ताट बाजूला सारून ताडकन निघून गेली असती.

मी दोनदा भात घेतला.