नसीमआपा आणि एकाच रंगाचं वाण

नसीमआपा कुणाच्याही घरी गेली, की आधी त्या घरच्या बाईचा हात धरून तिला दारात ओढायची. खांद्याला मेकअपच्या सामानाची जांभळी पिशवी असायची, पण तिची चेन ती लगेच उघडत नसे. बाईला उंबऱ्यापाशी उजेडात उभं करायची, हनुवटीला बोट लावून चेहरा जरासा वर करायची आणि चांगलं मिनिटभर बघत राहायची. समोरची बाई आधी हसायची, मग लाजायची. "चेहरा कोनाचाच खराब नसते," नसीमआपा म्हणायची, "घरातली ट्यूबलाइट खराब असते." एवढं झालं, की मग पिशवी उघडायची.

अमरावतीच्या आमच्या कॉलनीत ती सहा वर्षं होती, आमच्यापासून तिसऱ्या घरात. मूळची अंजनगाव सुर्जीची. तिची आई डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव बांगड्या भरायला जायची. "अम्मी हात दाबून माप सांगे, मी तोंड पाहून रंग सांगतो," हे तिचं नेहमीचं वाक्य. ती ज्या कंपनीचं सामान विकायची ते दुकानात मिळत नसे. घरोघर जायचं, रंगीत पुस्तक दाखवायचं, मागणी घ्यायची आणि एखादी बाई हुशार वाटली तर तिलाही आपल्या हाताखाली जोडून घ्यायचं, म्हणजे तीही विकायला लागते. आमच्या कॉलनीतल्या सात जणी तिने अशा जोडल्या होत्या. त्यांत शेजारची सुनीताही होती, जी दारावर कुरियरवाला आला तरी नवऱ्याला पुढे करायची. सहा महिन्यांत ती सुनीता भातकुलीपर्यंत एकटी स्कूटी घेऊन जायला लागली.

आता लपवून काय करायचं, मी नसीमआपावर जळायचे. मी एम.कॉम. झालेली, रंगाने उजळ, इंग्रजी नीट बोलणारी. ती सावळी, जाड, दहावी शिकलेली, स्वतः कधी काजळापलीकडे काही न लावणारी. तरी ती गल्लीत शिरली, की चार गॅलऱ्यांमधून हाका यायच्या. मी संध्याकाळी भाजी घेऊन परत आले तर कुत्रंही मान वर करायचं नाही.

पण खरी आग वेगळीच होती. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणतो, चौदा वर्षांत माझ्याशी दोनच विषयांवर बोलल्या असतील. गॅस बंद केला का आणि दूध तापवलं का. सासरे गेल्यापासून तर त्या मागच्या खोलीतच बसून असायच्या. नसीमआपा मात्र आली, की तडक मागे जायची आणि पाचव्या मिनिटाला तिकडून आईंचं हसू ऐकू यायचं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत ते हसू ऐकायचे आणि कणीक फार घट्ट व्हायची.

आणि तिने मला कधीच "जुडता का?" असं विचारलं नाही. वर्षभर मी वाट पाहिली. त्या कामात मला माझं काहीतरी मिळेल, घरात माझ्याकडेही कुणी वळून बघेल, असं वाटायचं. शेवटी एका दुपारी मीच तिला गाठलं.

"आपा, मलाही जोडून घ्या ना. मला हिशेबही येतो, बोलताही येतं."

ती पिशवीचा पट्टा नीट करत राहिली. मग म्हणाली, "नका येऊ वैनी याच्यात."

"का?"

"रंग इकाले लोकायचं तोंड आवडा लागते. तुमाले नाई आवडत. मी दोनदा तुमचा हात धरला, दोनदा तुमी म्हनल्या दूध उतू जाऊन राह्यलं. जी दारात उभी राहत नाई, ते दुसरीले काय उभी करन?"

मला इतका राग आला की मी तिला चहाही विचारला नाही. त्याच आठवड्यात बस पकडून अकोल्याला गेले. तिथे माझी मामेबहीण वर्षा त्याच कंपनीचं काम करायची. तिच्या हाताखाली फॉर्म भरला, सामानाचा खोका घेऊन आले आणि तो पलंगाखाली ढकलला. चार दिवसांवर संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या वर्षी कुंकवाचे करंडे न देता लिपस्टिकच वाण म्हणून द्यायची, बायका खूश होतील आणि मागण्या आपोआप येतील, असा माझा बेत होता. वाण सगळ्यांना सारखंच द्यायचं असतं. एकीला एक आणि दुसरीला दुसरं दिलं, तर वर्षभर ऐकावं लागतं. म्हणून मी सगळ्यांसाठी एकच रंग मागवला होता, भडक गुलाबी, कारण मला तो शोभायचा.

नसीमआपाला मी मुद्दाम बोलावलं. तिने बघायला हवं होतं. ती आली, तिळगूळ घेतला, वाण हातात घेऊन वळवून पाहिलं.

"वैनी, सगळ्यायले एकच रंग?"

"वाण सारखंच द्यायचं असतं, आपा."

"वान सारखं असते वं बापा. तोंडं कुठी सारखी असतेत?"

एवढं बोलून ती मागच्या खोलीत गेली. विधवा म्हणून आई हळदीकुंकवाला पुढे येत नसत, त्यांना कुणी बोलावतही नसे. मीही बोलावलं नव्हतं. नसीमआपाने त्यांना मागच्या दारात उजेडाला बसवलं आणि त्यांच्या फुटलेल्या गालांना कोल्ड क्रीम लावू लागली. हसू ऐकू आलं. मग एक एक करून पुढच्या बायका वाण घेऊन तिकडे सरकल्या. हळदीकुंकू माझं, फराळ माझा आणि सगळी मैफल मागच्या दारी. मी पुढच्या खोलीत कुंकवाची कुयरी घेऊन एकटीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या व्हॅनपाशी अकरा जणी उभ्या होत्या आणि अकराही जणींच्या ओठांवर तोच गुलाबी रंग होता. सुनीता तर तापातून उठल्यासारखी दिसत होती. मागणी एकीनेही दिली नाही. वाणात मिळालेली वस्तू कुणी विकत मागतं का? समोरच्या काकू मात्र आवर्जून म्हणाल्या, "यंदाचं वाण मस्त होतं बरं. पुढच्या साली बी हेच द्या."

वर्षाचे फोन येत राहिले, नवी मागणी कधी पाठवतेस म्हणून. बघते, एवढंच मी म्हणायचे.

एप्रिलमध्ये नसीमआपाच्या मुलाला अकोल्यात नोकरी लागली आणि तिचं बिऱ्हाड निघालं. गिऱ्हाइकांची वही तिने सुनीताला दिली. ते ऐकून मी पुन्हा जळले. निघताना ती आमच्याकडे आली, आईंना भेटली आणि जाता जाता उंबऱ्यापाशी तिने माझा हात धरला. गॅसवर खरंच दूध होतं. मी हलले नाही. तिने माझी हनुवटी वर केली आणि बघत राहिली. कुणी इतका वेळ माझ्याकडे काही काम नसताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं.

"चांगला तं हाये," ती म्हणाली. "इतके दिवस कावून लपवून ठेवला?"

दूध उतू गेलं.

ती गेल्यावर मागची खोली शांत झाली. पंधरा दिवसांनी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "नसीमचं ते क्रीम सरलं," त्या म्हणाल्या. माझ्या खोक्यात तीच डबी होती. मी ती हातात द्यायला पुढे केली, मग थांबले. त्यांचा हात धरून त्यांना मागच्या दारी नेलं, उजेडात बसवलं आणि हनुवटीला बोट लावलं. डाव्या भुवईच्या केसांत एक जुना, बारीक व्रण होता.

"आई, हे कधी लागलं?"

"शाळेत पाटी लागली होती," त्या म्हणाल्या. "नसीमनं पयल्याच दिवशी इचारलं होतं."

चौदा वर्षं. त्या क्षणीही मला आधी नसीमआपाचा हेवा वाटला, मग स्वतःची लाज. त्याच संध्याकाळी मी वर्षाला फोन करून माझं नाव काढून टाकायला सांगितलं. पण ते नंतर. तेव्हा मी डबीचं झाकण उघडलं आणि घाईघाईने क्रीम लावायला गेले, तर आईंनी माझं मनगट धरून ठेवलं.

"तिच्यावानी नाई जमत तुले," त्या म्हणाल्या. "पन पाह्य. अजून थोडं पाह्य."