बुवांनी शेव सोडली

देवाच्या नावानं चार माणसं दर गुरुवारी जमू लागली की देवाच्या वाट्याला थोडं येतं आणि किश्श्यांच्या वाट्याला फार! आमचं जुनी इंदूरचं भजनी मंडळ काही निराळं नव्हतं. भजन तासाभराचं, गप्पा त्याच्या दुप्पट. त्यातून आमच्या मंडळात एक नास्तिक होता, म्हणजे किश्श्यांना काय तोटा!

मी मंडळाचा पेटीवाला. शाळेत शिकवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. मंडळाचे बुवा म्हणजे दत्तोपंत टेंबे, गिरणीच्या हापिसात कारकून, आवाज असा की पेटीची गरजच पडू नये. आणि नास्तिक म्हणजे वझे, नळखात्यात ओव्हरसियर. दोघं एका बाकावर शिकलेले, त्यामुळे अरे-तुरेतले.

*

वझे मंडळात आले ते मध्यप्रदेश नवा नवा झाला तेव्हा. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्याबरोबर आमच्या तबलजीचं हापीसही गेलं. बुवा म्हणाले, राजधानी गेली तर जाऊ दे, तबला जायला नको होता. वझ्यांचा हात चांगला होता. बुवांनी त्यांना गळ घातली.

वझ्यांनी एकच अट घातली. वाजवीन, पण तोंड उघडणार नाही. नाम नाही, गजर नाही, जयघोष नाही.

एकदा बाहेरगावचे एक कीर्तनकार आले होते. जयघोषाला सगळे हात वर करून ओरडत होते आणि वझे ओठ मिटून तबल्याचे गट्टे ठोकून सूर लावत होते. महाराजांनी हळहळून विचारलं, तबलजी मुके आहेत का?

बुवा म्हणाले, "नाही महाराज, प्रामाणिक आहेत."

*

कुणाचं दुखणं फार झालं की लोक आम्हांला बोलवत. जाणाऱ्याच्या कानावर नाम पडावं, एवढीच इच्छा असे. सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याचे वडील असेच शेवटचे म्हणून अंथरुणावर होते. आम्ही उशाशी बसून नाम धरलं. घर माणसांनी भरलेलं, सुना पदर डोळ्यांना लावून उभ्या.

मध्येच म्हाताऱ्यानं डोळे उघडले. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि वझ्यांवर थांबवली.

"ये तबलेवाला क्यों नी बोल रिया?"

भजन थांबलं. सेठजी आमच्याकडे बघायला लागले, मग त्यांचे भाऊ. बापाच्या मरणाला आम्ही कोण घेऊन आलो, हे एकेकाच्या लक्षात यायला लागलं. बुवांनी वझ्यांचा गुडघा दाबला, काहीतरी बोलून वेळ मारून ने, अशा अर्थानं. घसा बसलाय एवढं म्हटलं असतं तरी सुटलो असतो.

वझे म्हणाले, "बाबूजी, मैं मानता नहीं."

सेठजी उठलेच. म्हाताऱ्यानं हात वर करून त्यांना बसवलं आणि वझ्यांना जवळ बोलावलं. "तू इधर बैठ मेरे पास. ये सब तो मेरे को भेजने की जल्दी में हैं."

म्हातारा त्यानंतर पुष्कळ दिवस दुकानाच्या गादीवर बसत होता. सेठजींनी मात्र आम्हांला पुन्हा कधी बोलावलं नाही.

*

त्या दिवसापासून बुवा धास्तावले. परक्याच्या उशाशी त्यांना आपल्या मित्राचं मरण दिसलं असावं. अंतकाळी जे मनात असेल तीच माणसाची गती, असं ते मानत. नुसतं म्हणायचं म्हणून नव्हे, तर अगदी आगगाडीच्या वेळापत्रकासारखं खरं मानत. तेव्हा वझ्याचं काय होणार? सगळे एका गाडीनं गेलो आणि हा फलाटावरच राहिला तर?

त्यांनी वझ्यांना हरप्रकारे विनवलं. एकदा, फक्त एकदा नाम घे. वझे म्हणाले, "तुझा देव असेल तर मी खोटं घेतलेलं त्याला कळेल. नसेल तर ऐकणार कोण?"

मग बुवांनी शेव सोडली.

इंदूरबाहेरच्या माणसाला यातली भयंकरता कळायची नाही. आमच्याकडे पोह्यांवर शेव, वरणावर शेव, भाजी नसली तर शेवेचीच भाजी. गुरुवारचं भजन आटपलं की कोपऱ्यावरच्या दुकानात तिघं पोहे खायचो. त्या दिवशी बुवा दुकानदाराला म्हणाले, मेरा बिना सेंव का. त्याचा झारा हवेतच थांबला. "भिया, तबीयत तो ठीक है?"

खरं काय ते काकूंकडून कळलं. काकू म्हणजे बुवांची बायको. वझे आपल्या मनानं एकदा नाम घेतील तेव्हाच शेव खाईन, असा नेम बुवांनी देवापुढे धरला होता. काकू चिडलेल्या होत्या. लोक बायकोसाठी काही सोडत नाहीत, म्हणाल्या, आणि हे त्या वझ्यासाठी सोडून बसलेत.

*

हे वझ्यांना कळायला नको होतं. कळलं.

इतके संतापलेले वझे मी कधी पाहिले नव्हते. भजनाला लोक जमलेले, आणि हे दारातच उभे. "ही भक्ती आहे का दत्त्या? सरळ वसुली आहे. तू उपाशी बसणार आणि मी लाजून देव मानणार?" बुवा मान खाली घालून म्हणाले, उपाशी कुठंय, फक्त शेव. वझ्यांनी तबल्याला गवसणी घातली आणि चालते झाले.

पुढचे कित्येक गुरुवार तबल्याशिवाय गेले. माझी पेटी पळायची, बुवा मागे ओढायचे, आणि भजन संपलं की दोघं दाराकडे बघायचो. मंडळ मोडणार, असं बाकीचे बोलायला लागले. मलाही तेच वाटत होतं, आणि वाईट वाटत होतं. देवापायी तुटलेली मैत्री कुणी जोडायची?

मग एका गुरुवारी वझे आले. न बोलता तबला लावला, वाजवला. मध्यंतरात खिशातून लवंगेच्या शेवेचा ताजा पुडा काढला, बुवांच्या समोर मांडी ठोकली आणि कुरुमकुरुम खायला सुरुवात केली. बुवा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पुडा निम्मा झाला तेव्हा बोलले.

"लवंग कमी पडलीय. वासावरून सांगतो."

वझ्यांना ठसका लागला. हसू होतं की दुसरं काही, ते मला कळलं नाही, पण बुवांनीच उठून पाणी आणून दिलं.

*

पावसाळ्यात वझे पाण्याच्या टाकीवरून पडले. ओल्या शिडीवरून पाय सटकला. पाय मोडला, डोक्याला मार लागला, आणि दिवसभर शुद्ध नव्हती. काकूंनी देव पाण्यात ठेवले. मी आणि बुवा दवाखान्याच्या व्हरांड्यात.

वझ्यांच्या हाताखालचे दोन मजूर तिथे उकिडवे बसले होते. बुवा त्यांच्यापाशी गेले. मला वाटलं, मार किती लागला ते विचारतील. त्यांनी विचारलं, गिरते समय साहब क्या बोले?

मी शरमलो. पण खोटं कशाला बोलू, कान माझेही टवकारले. पडताना माणूस हटकून कुणाला तरी हाक मारतो. देवाला, नाहीतर आईला.

मजूर म्हणाला, "साब ने पाना दूर फेंका और चिल्लाए, नीचे से हटो रे!"

वझे शुद्धीवर आल्याचं कळल्यावर आम्ही घरी निघालो, तेव्हा वाटेत बुवा म्हणाले, "मास्तर, माझ्या कानाला ते नामासारखंच लागलं हो."

मग झालं तर, मी म्हटलं. सोडा नेम, खा शेव.

"नाही. मला तसं लागलं. त्यानं तसं कुठे म्हटलंय?"

*

वझे लंगडत का होईना, हिंडायला लागले, आणि बुवा अंथरुणाला लागले. पोटाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी आधी सगळी पथ्यं सांगितली आणि मग एक दिवस म्हणाले, आता जे आवडेल ते खाऊ द्या. त्याचा अर्थ काकूंना कळला.

बुवांना आवडणारी गोष्ट एकच, आणि तिला ते हात लावेनात. काकूंनी वझ्यांना दारातच गाठलं. मी मागे उभा होतो. त्या बाईनं आजवर वझ्यांना नावं ठेवली होती, आज हात जोडले. "भावजी, नेम राहून गेला की जीव अडकतो म्हणतात. तुम्ही नका मानू, ते मानतात ना. एकदा म्हणा. खोटं म्हणा, पण त्यांना सोडवा."

वझे काठीवर भार देऊन उभे राहिले. चेहरा असा झाला होता की मलाच वाटलं, यांना यातून कुणीतरी सोडवावं. जन्मभर जपलेली एकच गोष्ट होती त्यांच्याकडे. ते आत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"दत्त्या, ऐक," म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

बुवांचा हात वर आला. त्या हातात जोर नव्हता, तरी तो त्यांनी वझ्यांच्या तोंडावर ठेवला.

"गप. खोटं बोलायची सवय नाही तुला. माझ्यापायी लावून घेऊ नकोस."

मग काकूंकडे वळून म्हणाले, शेव आण.

काकूंनी वाटी आणली. त्यातली एक काडी बुवांनी जिभेवर ठेवली, चघळली, डोळे मिटले. काकूंना राहवेना. आणि नेमाचं काय, देवाला काय सांगायचं?

"ते मी बोलतो त्याच्याशी. भेटणारच आहे आता." मग थोडं थांबून म्हणाले, "लवंग बरोबर आहे."

शेवटच्या दिवशी आम्ही उशाशी नाम धरलं. तबल्यावर वझे होते. ओठ मिटलेले, आणि लय जराही हलली नाही.

*

तेरावा झाला, मंडळी पांगली. मी आणि वझे सवयीनं कोपऱ्यावरच्या दुकानाशी आलो. दुकानदारानं आम्हांला लांबूनच पाहिलं आणि त्यानंही सवयीनं तीन प्लेटी भरल्या. दोन शेवेच्या, एक बिनशेवेची.

तिसरी ठेवताना त्याच्या लक्षात आलं. बिचारा कानकोंडा झाला. माफ करना भिया, म्हणाला, आणि ती उचलायला लागला.

वझ्यांनी त्याचा हात धरला. आपल्यासमोरची शेवेची प्लेट त्याच्याकडे सरकवली आणि बिनशेवेची ओढून घेतली.

दुकानदारानं शेवेची मूठ पुढे केली. "ऊपर से डाल दूँ, साब?"

"नहीं. छोड़ दी."

मी वझ्यांकडे बघत राहिलो. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"कधीपर्यंत?"

वझ्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

"दत्त्या सांगेल तोवर."