गाडीत बसवलेला बॉयलरचा काटा

माझा स्वभाव संशयी आहे हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला ते सांगायला नको. अर्जुनी मोरगावात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि या धंद्यात वीस वर्षं काढली की माणूस दुसरं काही होऊच शकत नाही. धान उगवलं नाही की शेतकरी रिकामी पिशवी घेऊन दुकानात येतो. तो कंपनीवर संशय घेतो, कंपनीचा माणूस त्याच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, पाण्यावर घेतो, आणि मी दोघांवर. पिशवी देताना मी प्रत्येकाला बजावते, लेबल वाचा, शिक्का पाहा, मगच शिवण उसवा. लोक मला तोंडावर बाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

गाडी वडिलांची. गोल बोनेटची, पांढरी, पेट्रोलवर चालणारी, वयाने माझ्याहून थोडीच लहान. वडील गेले तेव्हा भावाने सांगितलं की नागपूरला त्याच्याकडे ठेवायला जागा नाही, भंगारात देऊन टाक. मी देणार नव्हतेच. तीच गाडी घेऊन मी गावोगावी शेतकऱ्यांच्या बांधीवर जाते, आणि बाई अशी गाडी हाकते म्हणून लोक बघतात तेव्हा मला बरंही वाटतं.

तिची देखभाल एकाच माणसाच्या हातची. रेल्वे फाटकापलीकडे टिनाच्या शेडमध्ये काम करणारे एक म्हातारे मिस्त्री. गाडीचा आवाज ऐकूनच काय बिघडलं ते सांगतात आणि बोलतात फार थोडं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी इंजिन पूर्ण उघडलं. आतले बेअरिंग झिजले होते. नवे बेअरिंग मी स्वतः नागपूरहून शोधून आणले, कारण या गाडीचं सामान आता सहजासहजी मिळत नाही. बारा दिवसांनी गाडी घरी आली, शिवणयंत्रासारखी चालत होती. मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रींना दुकानातून उठून चहा करून पाजला.

महिन्याभराने समोरची लाल बत्ती लुकलुकायला लागली. इंजिन तापलं आणि गाडी फाटकापाशी उभी राहिली की पेटायची. ही बत्ती ऑइलच्या दाबाची. दाब पडला की ती पेटते, आणि दाब नसेल तर इंजिन आतल्या आत घासून मरतं, एवढं मला वडिलांनी शिकवलं होतं. मी तडक शेडवर गेले.

मिस्त्रींनी कान लावून इंजिन ऐकलं. "इंजिन बरोबर आहे जी बाई. बत्तीचा स्विच गेला. नवा बोलावतो. तवरी तिकडे पाहू नका."

तिकडे पाहू नका! वीस वर्षांत मला हे वाक्य ज्याने ज्याने ऐकवलं, त्याच्या पिशवीत काहीतरी खोट निघालीच होती. मी घरी आले आणि डोकं चालायला लागलं. माझं इंजिन उघडं पडलं होतं त्याच दिवसांत कोहमाऱ्याच्या एका ठेकेदाराची अगदी तशीच गाडी शेडमध्ये उभी होती. बेअरिंग मिळत नाही म्हणून तो शेडमध्येच रडगाणं गात बसलेला मी पाहिला होता. आणि माझ्या गाडीच्या चार दिवस आधी त्याची गाडी सुरू होऊन गेली. त्याला बेअरिंग कुठून मिळाले? मी दोन अधिक दोन केले आणि उत्तर लगेच माझे बेअरिंग असं आलं.

इंजिन बिघडलं तर एकवेळ दुसरं मिळालं असतं. पण या माणसाने मला फसवलं असेल, तर या गावात डोळे मिटून किल्ली हातात द्यावी असा माणूसच उरत नव्हता. मला ते खरं निघायला नको होतं आणि तरीही मी त्याचाच पुरावा शोधत होते. संशयाला औषध नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

बत्ती फक्त पेटते किंवा विझते, दाब किती ते सांगत नाही. त्यासाठी मीटर हवा, काट्याचा. गोंदियाला गेले. दुकानदाराने आधी मला, मग दारातल्या गाडीला न्याहाळलं. "मैडम, भैया को भेज दीजिए ना, वो समझ के ले जाएँगे."

"भैया मीच आहे," मी म्हटलं. "दाखवा."

त्याने तीन मीटर काढून ठेवले. नवे, चकचकीत. त्यातल्या दोन मीटरचा काटा काही न जोडताच शून्याच्या वर उभा होता. तिसऱ्याचा शून्यावर होता, पण आता त्याच्यावर तरी भरवसा कसा ठेवायचा? डुप्लिकेट माल मला वासावरून कळतो. मी तिन्ही परत केले आणि येताना मामेभावाच्या मिलमध्ये थांबले.

त्याची उसना तांदळाची मिल आहे. धान वाफेवर उसनवायचं म्हणजे बॉयलर आला, आणि बॉयलर आला म्हणजे वाफेचा दाब मोजणारा काटा आला. त्यांनी नुकताच नवा बॉयलर बसवला होता आणि जुन्याचा काटा ऑफिसच्या खिडकीत पडून होता. पितळी, जड, भाताच्या ताटलीएवढा. हा तपासनिसाने तपासलेला, ह्याच्या भरवशावर माणसं वाफेजवळ उभी राहिलेली. मला हाच पाहिजे होता. मामेभाऊ म्हणाला, ने, आमच्या काय कामाचा.

मीटर मी स्वतः बसवला. मिस्त्रींना सांगायचा प्रश्नच नव्हता, ज्याला पकडायचं त्याच्याच हाती सापळा कोण देतं? इंजिनच्या बाजूला बत्तीचा स्विच जिथे फिरवून बसवलेला असतो, तो काढला आणि तिथे पितळेचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावला. एका तोंडाला तोच स्विच परत, दुसऱ्या तोंडाला तांब्याची बारीक नळी. ती फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून आणली. इंजिनच्या थरथरीने तुटू नये म्हणून नळीला मध्ये दोन वेढे दिले आणि पत्र्याला भोक पाडून, कडेला घासू नये म्हणून रबराची कडी घालून आत घेतली. बॉयलरच्या काट्याचं तोंड जाड होतं, त्यासाठी लेथवाल्याकडून जोड करून आणावा लागला. सगळं मिळून दोन रविवार गेले. डॅशबोर्डमध्ये एवढी ताटली मावणं शक्यच नव्हतं, म्हणून पट्टी ठोकून ती खाली टांगली. शेजारच्या किराणावाल्याने खिडकीतून डोकं घालून पाहिलं.

"बाई, गाडीत धान उसनवून राहिल्या का जी?"

इंजिन सुरू केलं. सांध्यावर जुना पेपर धरून पाहिला, एक थेंब गळत नव्हता. तेवढ्यापुरता मला स्वतःचा अभिमान वाटला. मग आत बसून काट्याकडे पाहिलं.

गाडीच्या जुन्या पुस्तकात लिहिलं होतं, चालत्या इंजिनात दाब चाळीसच्या वर हवा. ह्या काट्यावर आकडेच एकवीसपर्यंत होते, म्हणजे काटा शेवटी जाऊन आदळायला हवा होता. तो तीनवर येऊन थांबला. रेस वाढवली तरी तीनच. इंजिन तापू दिलं, पाय काढला, तर एकवर आला. चाळीसच्या जागी तीन! मी इंजिन बंद केलं. चोर सापडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी ट्रॅक्टरला बांधून शेडवर नेली. ट्रॅक्टरवाला आणि आणखी दोन ओळखीचे शेतकरी तिथे होते. त्यांच्यासमोर बोलू नये एवढं भान मला असायला हवं होतं. नव्हतं.

"मिस्त्री, माझे बेअरिंग कुठे आहेत?"

"इंजिनात आहेत ना जी."

"कुणाच्या इंजिनात? कोहमाऱ्याच्या ठेकेदाराच्या?"

ट्रॅक्टरवाल्याने मान खाली घातली. मिस्त्रींनी हातातला पाना बाजूला ठेवला. "काऊन असं बोलून राहिल्या बाई?"

मी काटा दाखवला, आकडे सांगितले, पुस्तकातलं चाळीस सांगितलं. आवाज चढलाच होता. त्यांनी काट्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, पण वाद घातला नाही. चष्मा लावला, पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरले. घमेल्यात ऑइल काढलं. खालची ऑइलची परात एकेक बोल्ट काढत उतरवली. मग एका बेअरिंगची टोपी खोलली, आतली वाटी काढून फडक्याने पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"नंबर वाचा जी."

मी पर्समधून नागपूरचा खोका काढला. तो मी पुरावा म्हणून बरोबर आणला होता. नंबर तोच होता. वाटी आरशासारखी गुळगुळीत होती, कुठे ओरखडा नाही.

तिथे मी थांबायला हवं होतं. माफी मागायची वेळ तीच होती. पण जीभ थांबली नाही. मी म्हटलं, "मग ऑइलचा पंप जुना घातला असेल."

त्यांनी पंपही काढला. उघडला, चाकं दाखवली, फट मोजायची पातळ पाती घालून दाखवली. शेतकरी कधी निघून गेले ते मला कळलं नाही. पंपही चोख होता. मी तिथे उभी होते आणि माझ्याजवळ संशय घ्यायला काहीच उरलं नव्हतं.

"हा काटा कोनाचा आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मिलचा. बॉयलरचा."

"मंग मिलवाल्यालेच विचारा जी. मले वाफेचं काही समजत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवरच्या गाडीतला काटा काढून घेऊन मी मिलवर गेले. बॉयलरवर कोंडा टाकणारा फायरमन छत्तीसगडचा, तीसेक वर्षं आगीपाशी काढलेला. मी त्याला सांगितलं, ह्या काट्यावर माझ्या गाडीचा दाब तीन येतो, चाळीस यायला पाहिजे. त्याने काटा हातात घेतला, खालची काजळी अंगठ्याने पुसली आणि हसला.

"ताई, ये तो किलो वाला है। आपका चालीस पाउंड में होगा। एक किलो माने चौदह पाउंड।"

काजळीखाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. तीन चौदा बेचाळीस. उन्हाळ्यापासून माझं इंजिन जसं पाहिजे तसं चालत होतं. तापल्यावर एक, म्हणजे चौदा, तेही ठीक. गेला होता तो फक्त बत्तीचा स्विच. बियाण्याची पिशवी घेणाऱ्या प्रत्येकाला लेबल वाचायला सांगणाऱ्या बाईने काट्यावरचं लेबल वाचलं नव्हतं. मिलच्या आवारात उभं राहून मला रडू आलं, आणि फायरमन बिचारा घाबरून पाणी आणायला धावला.

मी तशीच शेडवर गेले. मिस्त्री परात परत बसवत होते. मी सगळं सांगितलं, किलो आणि पाउंडसकट. चूक माझी झाली म्हटलं. लोकांसमोर बोलले त्याबद्दल हात जोडले. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान एखादं लागेल असं बोलतील, म्हणजे माझंही मन हलकं होईल.

"असू द्या जी बाई. तुमी धंद्याच्या मानूस. पाहाच लागते," ते म्हणाले आणि बोल्ट आवळत राहिले.

नवा स्विच आला, बत्ती विझली, गाडी परत शिवणयंत्रासारखी चालू लागली. मिस्त्रींनी माझं काम सोडलं नाही. सोडलं असतं तर मी समजू शकले असते, त्यांच्या घरी जाऊन बसले असते, त्यांच्या बायकोला मध्ये घातलं असतं. पण ते नेहमीसारखेच बोलतात, चहाही घेतात. फक्त आता कुठलंही काम असलं की ते मला शेडमध्ये उभं करतात. एअर फिल्टर बदलायचा असो की पंख्याचा पट्टा, आधी नवा खोका माझ्या हातात देतात, मी उघडायचा. मग नंबर मोठ्याने वाचायला लावतात. बसवून झालं की बाजूला सरकतात आणि बोनेट उघडं धरून उभे राहतात.

"पाहून घ्या जी बाई."

परवा प्लग बदलले. मी खुर्चीवरच बसून राहिले, म्हटलं, मिस्त्री, मला नाही पाहायचं, झाका तुम्ही. त्यांनी बोनेट झाकलं नाही. त्या वयात, दोन्ही हात वर करून, ते पत्रा धरून तसेच उभे राहिले. हात थरथरायला लागले तरी खाली घेतले नाहीत.

शेवटी मी उठले आणि पाहिलं.