न हललेली नळी

लातूरच्या क्लासमधल्या दोन वर्षांनी मला डॉक्टर केलं नाही, पण पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायला शिकवलं. आपण कुठलं पुस्तक वाचतोय ते खोलीतल्या पोरींना कळू नये म्हणून. मुरुडहून आलेली मी त्यात लवकरच तरबेज झाले. पुढे नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सीला आले, तेव्हा ती सवयही ट्रंकेबरोबर आली.

खोलीत जोडीला उदगीरची मुलगी होती. वडील शिवणकाम करायचे. ही पोरगी ज्याला हवं त्याला सगळं सांगून टाकायची, वह्या वर्गभर फिरवायची आणि तरी पहिली यायची. मी दुसरी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिनं वह्या लपवल्या असत्या तर बरं वाटलं असतं. निदान तीही माझ्यासारखीच आहे, असं म्हणता आलं असतं.

शेवटच्या वर्षी आमच्या विभागातल्या एका सरांच्या प्रयोगशाळेत संशोधनाची एकच जागा होती. प्रात्यक्षिकात जी पहिली येईल तिला ती मिळणार होती. प्रयोग आधीच जाहीर झाला होता, जीवाणूंमधल्या जनुकांच्या देवाणघेवाणीचा. आपले गुण आईबापाकडून लेकरांकडे जातात. जीवाणू मात्र ते शेजाऱ्यालाही देऊन टाकतात, कधीकधी तो परक्या जातीचा असला तरी. औषधाला पुरून उरायची युक्ती एकाला साधली की बाकीच्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या शोधत बसावी लागत नाही. सर म्हणायचे, यांचा वंशवृक्ष काढायला बसलात तर फांद्या आडव्या एकमेकींत शिरतील.

प्रयोग तसा सोपा. एक जीवाणू एका औषधानं न मरणारा, दुसरा दुसऱ्यानं. दोघांना एका नळीत तासभर एकत्र ठेवायचं आणि मग दोन्ही औषधं घातलेल्या प्लेटवर पसरायचं. देवाणघेवाण झाली असेल तरच सकाळी पांढरे ठिपके उगवतात. पण देणारा आणि घेणारा एका नाजूक धाग्यानं जोडलेले असतात, आणि नळी जोरात हलली की तो तुटतो. हे प्रश्नपत्रिकेत नव्हतं. मला आदल्या दिवशी एका सीनियर ताईनं सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी मेसमध्ये जेवताना उदगीरच्या पोरीनं विचारलं, ताई काही म्हणाल्या का. मी भाकरी मोडत म्हटलं, नेहमीचंच.

परीक्षेत तिनं नळी शेकरवर, त्या सतत हलणाऱ्या यंत्रावर ठेवली, आम्ही रोज ठेवायचो तशी. माझी स्टँडमध्ये गप उभी होती. तासभर मी तिची नळी गदगदताना पाहत होते आणि मला आनंद होत होता. खोटं कशाला बोलू.

सकाळी माझ्या प्लेटवर ठिपकेच ठिपके. तिची कोरी.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, जनुक देऊन टाकल्यावर देणाऱ्याचं काय जातं. मी पाठ केल्यासारखं उत्तर दिलं, "काहीच नाही, सर. तो प्रत देतो, मूळ त्याच्याकडेच राहतं." सर खूश झाले. पुढचा नंबर तिचा होता, ती दाराशीच उभी होती. मी बाहेर आले तशी तिनं हळूच विचारलं, "नळी हलवायची न्हाई, हे तुला म्हाईत व्हतं का?"

"हाव," मी म्हटलं. नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

"मग मला सांगून तुझं काय गेलं असतं? आत्ताच तर सांगून आलीस की त्यांना."

माझ्या उत्तराची वाट न बघता ती आत गेली. प्लेट कोरी का, असं सरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की नळी हलवली, चूक माझीच. माझं नाव तिनं काढलं नाही. ते मी दाराबाहेर उभं राहून ऐकलं. जागा मला मिळणार हे तेव्हाच ठरलं होतं, आणि तरी मला तिचाच हेवा वाटत होता.